संदर्भसूची कमांडने लावून देणारं टूल कोणी वापरलंय का? प्रबंध मराठीत, संदर्भ मराठी-इंग्रजी दोन्ही

वडसावाली:

नमस्कार मंडळी. थोडं लांब होईल पण पूर्ण वाचा अन् मग सांगा.

मी देसाईगंजला, म्हणजे आमच्या वडसाला, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते अन् सोबत झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकांच्या भाषेवर पीएचडी करून राहिली. माझे संदर्भ लय मिसळीचे आहेत, मराठी पुस्तकं आहेत, इंग्रजी लेख आहेत, नियतकालिकांचे जुने अंक, नाटक कंपन्यांची हँडबिलं, कलाकारांच्या मुलाखती, सगळे मिळून 214. दोन वर्षांआधी मार्गदर्शक म्हणाले एमएलए पद्धतीने लावा (संदर्भ मांडायची एक ठरलेली पद्धत), मी सगळे हाताने लावले. आता प्री-सबमिशनच्या तोंडावर सांगितलं की एपीए ही दुसरी पद्धत पाहिजे. एमएलएमध्ये कंसात आडनाव अन् पान असते, एपीएमध्ये वर्ष पण पाहिजे, म्हणजे आतल्या प्रत्येक कंसात हात घालणं आलं अन् मागची सूची पूर्ण उलटीपालटी. नऊ दिवस झाले बसून, पन्नास पण झाले नाहीत, अन् दोन प्रकरणांत तर असं झालं की आत संदर्भ दिला आहे अन् सूचीत तो नाहीच.

एका कार्यशाळेत ऐकलं होतं की काळ्या खिडकीत कमांड दिली की हे सगळं आपोआप लागते. तेव्हा लक्ष दिलं नाही. कोणी खरंच वापरलं असेल तर सांगा, मराठीला चालते का, नेट लागते का (आमच्याकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सगळं), पैसे किती, अन् शेवटी वर्डची फाइल निघते का, कारण सरांना वर्डच पाहिजे. दिवाळी झाली की नाटकांचा सीझन सुरू होते तो होळीपर्यंत, तेव्हा मी रात्री मंडपात असते, म्हणून हे त्याच्या आत हातावेगळं करायचं आहे.

कपाशीवाला (दारव्हा):

ताई, तुमी जे ऐकलं ते पॅनडॉक. मी माहा अख्खा प्रबंध त्याच्यावर काढला, विषय गुलाबी बोंडअळीचा होता, म्हणून संदर्भ जास्त करून इंग्रजी, पण गावातल्या शेतकऱ्यांसाठी निघालेल्या मराठी पुस्तिका बी होत्या त्याच्यात. फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. आमच्याकडे लाइन गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू राहे, हे मले सगळ्यात जास्त कामी पडलं.

हे बनवलं जॉन मॅकफार्लेन यांनी, 2006 पासून आहे. ते बर्कलीला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत, कॉम्प्युटरचे नाही. हे काहून सांगतो, तर लिहिणाऱ्या माणसाची गरज काय असते ते त्या टूलात दिसते. आधी संदर्भासाठी वेगळा जोड लावा लागे, 2020 मधल्या 2.11 पासून ते आतच आलं. म्हणून नवीन व्हर्जनच घ्या, जुन्या व्हिडिओत दाखवलेला वेगळा जोड शोधत बसू नका.

आता मूळ गोष्ट समजून घ्या, ती समजली की बाकी सोपं. तुमी आतापर्यंत संदर्भ अन् त्याची मांडणी एकच समजून टाइप करून रायल्या. स्वल्पविराम कुठं, वर्ष कंसात का बाहेर, पुस्तकाचं नाव तिरकं का सरळ, हे सगळं हाताने. इथं तीन वेगळ्या फाइली असतात. एकात तुमचं लिखाण. दुसऱ्यात संदर्भांची माहिती, म्हणजे लेखक कोण, वर्ष कोणतं, प्रकाशक कोण, नुसती माहिती, तिच्यात मांडणी काहीच नाही. तिसऱ्यात नियम, म्हणजे एपीए कसं दिसते ते. ह्या तिसऱ्या फाइलीले सीएसएल म्हणतात, अन् अशा दहा हजाराच्या वर शैली फुकट पडून आहेत. सरांनी उद्या परत एमएलए म्हटलं तर फक्त तिसरी फाइल बदला अन् कमांड परत द्या, आतले कंस बी बदलतात अन् मागची सूची बी.

लिखाणात कंस हाताने टाकायचाच नाही. चौकोनी कंसात ॲट द रेट, त्याले जोडून त्या संदर्भाची किल्ली (म्हणजे माहितीच्या फाइलीत त्याले दिलेलं छोटं नाव), मग स्वल्पविराम अन् पान नंबर, बस एवढंच. लेखकाचं नाव वाक्यात आधीच आलं असन तर ॲट द रेटच्या आधी एक डॅश टाकाचा, मग कंसात फक्त वर्ष येते. अन् सूचीत तेच येते जे आत वापरलं, म्हणून तुमचं ते "आत आहे अन् सूचीत नाही" हे होणारच नाही.

कमांड मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून लिहून रायलो म्हणून देवनागरीत आहे, तुमी इंग्रजी अक्षरात टाका: पॅनडॉक, जागा सोडून लिखाणाच्या फाइलचं नाव प्रकरण1.एमडी (एमडी म्हणजे साध्या अक्षरांची फाइल), मग दोन डॅश साइटप्रॉक, मग दोन डॅश बिब्लिओग्राफी बरोबरचं चिन्ह संदर्भ.बिब (ही माहितीची फाइल), मग दोन डॅश सीएसएल बरोबरचं चिन्ह एपीए.सीएसएल, शेवटी एक डॅश ओ अन् प्रकरण1.डॉकएक्स. एंटर मारा, वर्डची फाइल तयार. सीएसएल दिली नाही तर ते आपल्या मनाने शिकागोची लेखक-वर्ष पद्धत लावते, घाबरू नका.

मेहकरचा ग्रंथपाल:

दारव्ह्याच्या भाऊंनी सांगितलं ते बरोबर आहे, मी माहितीच्या फाइलबद्दल थोडं बोलतो कारण माझ्याकडे येणारे संशोधक तिथेच अडतात.

ती .बिब फाइल बिबटेक नावाच्या पद्धतीची असते, 1985 पासूनची आहे अन् अजून चालते. हाताने लिहिता येते पण 214 नोंदी हाताने लिहू नका. झोटेरो घ्या, तेही फुकट, तेही 2006 चंच, जॉर्ज मेसन विद्यापीठातून निघालं. त्यात प्रत्येक संदर्भाचा फॉर्म भरायचा. त्याला बेटर बिबटेक नावाचं एक प्लगइन मिळतं, ते लावलं की नोंद बदलली तशी .बिब फाइल आपोआप ताजी होत राहते. इंग्रजी लेखांना डीओआय, म्हणजे लेखाचा ओळख नंबर, असेल तर नुसता तो नंबर टाकला की झोटेरो सगळी माहिती ओढून आणतं, त्याला मात्र नेट लागेल. हे काम तालुक्याला गेलात की एका बैठकीत उरकून घ्या.

मराठी पुस्तकांचं तसं नाही, ती माहिती आपल्यालाच भरायची आहे. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, पुस्तक हातात आहे तोवरच शीर्षकाचं पान अन् त्याच्या मागचं पान दोन्हीचे फोटो काढा. मागच्या पानावर आवृत्ती, वर्ष, प्रकाशकाचा पत्ता असतो. वरच्या वेष्टनावर विश्वास ठेवू नका, तिथे कधी कधी पुनर्मुद्रणाचंच वर्ष असतं. नागपूरला एका पुस्तकासाठी जाऊन यायचं म्हणजे तुमच्याकडून पूर्ण दिवस जातो हे मला माहीत आहे, अन् टूल कितीही चांगलं असलं तरी जी माहिती तुम्ही टिपलीच नाही ती ते कुठून आणणार?

जुन्या पुस्तकांवर शके असतो. त्यात 78 मिळवा की इसवी सन, पण जानेवारी ते गुढीपाडव्याच्या दरम्यान छापलेलं असेल तर 79. महिना दिला नसेल तर 78 मिळवून टाका अन् टीपेच्या रकान्यात मूळ शके लिहून ठेवा. वर्षाच्या रकान्यात आकडे इंग्रजीच लिहा, 1998 असे, देवनागरी आकडे नकोत. तारीख ओळखायला अन् क्रम लावायला तेच सुरक्षित.

अजून एक, लेखकाचं नाव झोटेरोत भरताना आडनाव वेगळ्या रकान्यात, नाव अन् वडिलांचं नाव वेगळ्या. थेट .बिबमध्ये लिहाल तर आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग बाकीचं. दोन लेखक असतील तर मधे इंग्रजी 'अँड'च पाहिजे, तिथे "आणि" लिहिलं तर ते दोघांचा मिळून एकच माणूस समजतं. आमच्याकडच्या एका विद्यार्थ्याच्या सूचीत असे अकरा जोड-लेखक निघाले होते, परीक्षकाच्या हाती जायच्या आधी सापडले हे बरं.

आर्वीचा टायपिंगवाला:

मी दुसरी बाजू सांगतो, माझं टायपिंग अन् झेरॉक्सचं दुकान आहे, वर्षाला दहा-बारा प्रबंध हातून जातात.

तीस-चाळीसच संदर्भ असते तर मी म्हटलं असतं की वर्डमध्येच रेफरन्सेसचा टॅब आहे, तिथे एपीए, एमएलए, शिकागो सगळं आहे, तेवढ्यात भागते. काळ्या खिडकीची सवय नसलेल्या माणसाला शेवटच्या महिन्यात नवीन गोष्ट शिकवणं मला पटत नाही. पण 214 आहेत अन् मराठी-इंग्रजी मिसळून आहेत तर ठीक आहे, शिका.

फक्त एक गोष्ट आधी तपासा ताई, तुमचं टायपिंग कोणत्या फाँटमध्ये झालं? कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये असेल तर पॅनडॉक काय, काहीच चालणार नाही. त्याच्यात दिसते मराठी पण आत इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट काढला की कचरा. आधी युनिकोडमध्ये करून घ्या. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण नंतर डोळ्याने वाचाच, जोडाक्षरं अन् रफार तिथेच बिघडतात, "कार्य"चं "काय" झालेलं मी पाहिलेलं आहे. प्रबंधात असा एक शब्द पूर्ण वाक्याचा अर्थ बदलते. हे काम कोणी दोन दिवसांत करून देतो म्हटलं तर देऊ नका, तुम्ही स्वतः बसून वाचा.

अन् शेवटची सजावट वर्डमध्येच करा. मार्जिन, ओळीतलं अंतर, प्रकरणाचं नाव मधोमध, हे विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे एका कोऱ्या वर्ड फाइलच्या स्टाइलमध्ये लावून ठेवा अन् कमांडमध्ये रेफरन्स-डॉक म्हणून ती फाइल द्या, मग निघणारं प्रत्येक प्रकरण त्याच रूपात येते. हे मला एका मुलीने दाखवलं, तेव्हापासून मी स्वतः वापरतो.

वडसावाली:

सगळ्यांचे खूप आभार, इतकं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. टायपिंगवाले दादा, पाच प्रकरणं युनिकोडमध्ये आहेत, एक कृतिदेवमध्ये होतं, ते मी रात्री बसून वाचलं, 63 ठिकाणी रफार गेलेला होता.

आता अडचण. पॅनडॉक टाकलं. कमांड दिली तर म्हणते संदर्भ.बिब नावाची फाइलच नाही. फाइल डोळ्यासमोर आहे, फोल्डरमध्ये दिसते. दहा वेळा करून पाहिलं. नोटपॅडमध्ये बनवली होती, वीस नोंदी टाकून पाहाव्या म्हणून.

दुसरं, त्या वीसमध्ये एक शासनाचा अहवाल आहे, लेखक म्हणून "महाराष्ट्र शासन" लिहिलं. हे बरोबर आहे ना?

कपाशीवाला (दारव्हा):

ताई, फाइल आहे पण तिचं खरं नाव संदर्भ.बिब.टीएक्सटी आहे. नोटपॅड मांगून टीएक्सटी जोडते अन् विंडोज ते लपवून ठेवते. फोल्डरच्या वर व्ह्यू मध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करा, मंग दिसन, नाव बदलवून टाका. अन् नावं सगळी इंग्रजी अक्षरात, मधे जागा न सोडता. सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवा, त्या फोल्डरच्या वरच्या पट्टीत, जिथं पत्ता दिसते तिथं, सीएमडी लिहून एंटर मारा, काळी खिडकी तिथंच उघडते, मंग रस्ता टाइप कराची गरज पडत नाही. शक्य असन तर नोटपॅड प्लस प्लस घ्या, हलकं आहे अन् यूटीएफ-8 मध्ये (युनिकोड अक्षरं जपाच्या पद्धतीत) ठेवते, मराठीसाठी तेच पाह्यजे.

शासनाचं बरं विचारलं. नुसतं लिहिलं तर ते महाराष्ट्र हे नाव अन् शासन हे आडनाव समजते, सूचीत शासन आधी अन् महाराष्ट्र मांगून, असं उलटं छापून येते. संस्थेच्या नावाले दुहेरी महिरपी कंस घाला, मग ते तोडत नाही. बँक, मंडळ, विद्यापीठ, परिषद, सगळ्याईले असंच. झोटेरोत असन तर नावाच्या रकान्याजवळ एक बटण आहे, त्याने दोन रकान्यांचा एक होते.

किल्ली बी इंग्रजी अक्षरातच ठेवा. मी पह्यले मराठीत ठेवली होती, काना-वेलांटी आली की ती तिथंच तुटे, अन् मले दोन दिवस समजलंच नाही. आडनाव अन् वर्ष जोडून लिहा, लक्षात राहाले सोपं. किल्ली चुकली तर फाइल तरी निघते, पण काळ्या खिडकीत इशारा येते अन् वर्डमध्ये त्या जागी ठळक अक्षरात किल्ली अन् प्रश्नचिन्ह दिसते. म्हणून सरांकडे द्याच्या आधी वर्डमध्ये प्रश्नचिन्ह शोधाच, एक बी सुटू देऊ नका.

इंग्रजी नावांचं एक सांगाचं रायलं. एपीएमध्ये लेखाचं नाव पहिलं अक्षर सोडून लहान अक्षरात येते, त्याच्यात "विदर्भ"चा व्ही बी लहान होते. गाव, जिल्हा, माणसाचं नाव असन त्या शब्दाले .बिबमध्ये महिरपी कंसात टाका. झोटेरोतून काढत असान तर तिथं नावच साध्या पद्धतीनं लिहा, म्हणजे पह्यलं अक्षर अन् विशेषनामं मोठी, बाकी लहान, मंग प्लगइन कंस स्वतःच लावते. माह्या प्रबंधात "यवतमाळ" चार ठिकाणी लहान अक्षरात सुरू झालं होतं. आपल्याच जिल्ह्याचं नाव आपल्याच प्रबंधात असं छापून यावं हे मले सहन झालं नाही, पूर्ण सूची परत काढली.

धारणीचा मास्तर:

मेळघाटातून लिहितोय, मी कोरकू गाणी जमवतो, पीएचडी नाही पण लेख लिहितो. मुलाखतींबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. आमच्याकडे सांगणाऱ्या म्हाताऱ्या बाया एकच नाव सांगतात, आडनाव सांगतच नाहीत. पूर्वी मी उगाच गावाचं नाव आडनावाच्या जागी टाकायचो, ते चूक होतं, त्या बाईने जे नाव सांगितलं तेच तिचं नाव. आता एकाच रकान्यात एकच नाव लिहितो, कंस घालून, अन् ते तसंच छापून येतं.

एपीएचा नियम लक्षात घ्या ताई, वैयक्तिक बोलणं, ज्याची नोंद दुसऱ्या कोणाला मिळू शकत नाही, ते मागच्या सूचीत घेत नाहीत, फक्त आत कंसात नाव अन् तारीख देतात. एमएलए मात्र मुलाखत सूचीत घेतं. तेव्हा मुलाखती .बिबमध्ये टाकू नका, आत हाताने लिहा, अन् शेवटी वेगळं परिशिष्ट करा, कलाकाराचं नाव, गाव, कंपनी, तारीख. झाडीपट्टीच्या कलाकारांची अशी यादी कुठे तरी छापून राहिली तर पुढच्यांना फार मोल आहे तिला.

वडसावाली:

निघाली!! वर्डची फाइल निघाली, वीसच्या वीस, कंसासकट. मी ती तीनदा पाहिली. मास्तर, परिशिष्टाचं सरांना विचारलं, ते लगेच हो म्हणाले.

पण आता मराठीचा प्रश्न. "व इतर" यायला पाहिजे तिथे इंग्रजीत एट अल येऊन राहिलं, संपादक असेल तिथे इंग्रजी ईडी, वर्ष नसेल तिथे एनडी. माझी हँडबिलं जवळपास सगळी बिनवर्षाची आहेत. अन् सूचीत इंग्रजी अन् मराठी एकत्र आली, आमच्या विभागात मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ अशी वेगळी सूची लागते. हे हाताने करावं लागेल का?

मेहकरचा ग्रंथपाल:

हाताने नको. एपीएची सीएसएल फाइल नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडा, साधी अक्षरांचीच फाइल आहे, टोकदार कंसांनी भरलेली. तिच्यात लोकेल नावाचा भाग असतो. तिथे टर्म म्हणून प्रत्येक शब्दाचं नाव देऊन त्यासमोर आपला शब्द लिहायचा. एट अल च्या जागी "व इतर", अँड च्या जागी "आणि", एडिटर च्या लघुरूपाला "संपा.", ट्रान्सलेटर ला "अनु.", पेज च्या लघुरूपाला "पृ.", नो डेट ला "वर्ष नाही". अँड मध्ये एक मेख आहे, शैलीत ते शब्द म्हणून मागितलं आहे की चिन्ह म्हणून ते पाहा. एपीएमध्ये चिन्ह असतं, ते बदलून शब्द करा, तरच "आणि" येईल. लोकेलच्या भागाला कोणतीही भाषा न लावता ठेवलं तर ते सगळ्या नोंदींना लागतं. फाइल वेगळ्या नावाने ठेवा, मूळ एपीए तशीच राहू द्या.

नावाच्या आद्याक्षरांचं तेवढं बघा. एपीए नावाचं आद्याक्षर करतं, पण मराठीत रामचंद्रचा "रा." होतो, "र." नाही, अन् हे मशीनवर सोडायला माझं मन धजत नाही. नेम नावाच्या खुणेत इनिशियलाइझ बरोबर फॉल्स लिहिलं की नाव भरलं तसंच राहतं. पूर्ण नाव भरा, मराठी सूचीत पूर्ण नावच शोभतं, पण सरांना एकदा विचारून घ्या.

आता दोन सूची. मुख्य प्रबंधाच्या फाइलमध्ये सगळ्यात वर, तीन डॅशच्या मधे, सप्रेस-बिब्लिओग्राफी ट्रू असं लिहा, म्हणजे आतले कंस लागतील पण सूची निघणार नाही. मग झोटेरोत दोन संग्रह करा, मराठी अन् इंग्रजी, दोन वेगळ्या .बिब फाइली काढा. मुख्य कमांडमध्ये बिब्लिओग्राफीचा पर्याय दोनदा द्या, दोन्ही फाइली चालतात. सूचीसाठी एक रिकामी फाइल, तिच्यात वर नोसाइट अन् त्यासमोर अवतरणात ॲट द रेट अन् तारका, म्हणजे त्या .बिबमधलं सगळंच सूचीत घे. मराठीसाठी मराठी सीएसएल, इंग्रजीसाठी मूळ एपीए. दोन छोट्या वर्ड फाइली निघतील, त्या प्रबंधाच्या मागे चिकटवा. यासाठी मल्टिबिब नावाचा तयार फिल्टरही आहे, पण तुमच्या वेळेच्या हिशोबाने हेच करा, यात बिघडायला कमी जागा आहेत.

एक धोका आहे तो लक्षात ठेवा. एकाच लेखकाची एकाच वर्षीची दोन पुस्तकं असली की वर्षाला इंग्रजी ए, बी लागतं. मुख्य प्रबंध अन् सूची वेगवेगळ्या काढल्या तर, सूचीत असलेलं पण आत न वापरलेलं पुस्तक मधे आलं की ए चा बी होऊ शकतो. तेव्हा .बिबमध्ये न वापरलेलं काही ठेवू नका, अन् असे जोड डोळ्याने मिळवून पाहा. दोनशेत फार तर आठ-दहा असतील.

आर्वीचा टायपिंगवाला:

सरांचं एक राहिलं. ते वर्डमध्ये कमेंट टाकून देतील अन् तुम्ही त्याच फाइलमध्ये दुरुस्त कराल, तर पुढची कमांड दिली की सगळं पुसून जाईल. दुरुस्ती नेहमी मूळ .एमडी फाइलमध्येच करा, वर्डची फाइल फक्त दाखवायची. माझ्याकडे एकाचं पूर्ण तिसरं प्रकरण असं गेलं होतं, तो रडायचाच बाकी होता. रोज रात्री अख्खा फोल्डर तारीख टाकून पेनड्राइव्हवर घ्या, सगळ्या अक्षरांच्या फाइली आहेत, जागा लागतच नाही.

वडसावाली:

काल रात्री मराठी सीएसएल झाली. "वर्ष नाही" हे शब्द हँडबिलांपुढे कंसात छापून आले तेव्हा घरात सगळ्यांना दाखवलं. लाइन दोनदा गेली पण काम थांबलं नाही.

एक मात्र विचारते. हँडबिलावर लेखकाचं नाव नसते बरेचदा, कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात, नाटकाचं त्याहून मोठं, खाली मंडळाचं अन् गावाचं, "अमुक गावच्या भव्य पटांगणावर" असं. काही माझ्या आजोबांच्या पेटीतले आहेत, कागद पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. लेखक म्हणून कोणाला धरू?

मेहकरचा ग्रंथपाल:

ताई, ज्याने ते छापून वाटलं तो लेखकाच्या जागी, म्हणजे कंपनी किंवा मंडळ, दुहेरी कंसात. नाटकाचं नाव शीर्षक म्हणून, शीर्षकानंतर चौकोनी कंसात "हँडबिल", गाव ठिकाणाच्या रकान्यात, वर्ष रिकामं. छापखान्याचं नाव खाली बारीक अक्षरात असतं, ते प्रकाशकाच्या रकान्यात टाका, त्यावरून कधी कधी काळ बांधता येतो. "खाजगी संग्रह" ही टीप प्रत्येकाला लावा. अन् तारीख नसली तरी वार अन् तिथी असेल, "पौष वद्य पंचमी, मंगळवार" असं काही, तर ते जसंच्या तसं टीपेत उतरवून घ्या. पंचांगावरून वर्ष हुडकता येतं, माझ्याकडे वाचनालयात जुनी पंचांगं आहेत, फोटो पाठवा, मी बसून पाहतो.

वडसावाली:

दादा, सात हँडबिलांवर तिथी अन् वार आहे. आज रात्री फोटो काढून पाठवते.